एमआरआय नॉर्मल आहे, मग आवाज कुठून येतात?

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. तुमच्या चोवीस वर्षांच्या धाकट्या भावाला गेले आठ महिने शेजारचे लोक आपल्याविषयी बोलतात असे वाटते. कूलर सुरू झाला की ते बोलणे त्याला शब्दन् शब्द ऐकू येते, आणि मोबाइलमधून आपल्यावर पाळत ठेवली जाते अशी त्याची खात्री आहे. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले, पण मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. ‘डोपामिन वाढले आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, परंतु मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणारे हे रसायन रक्तात मोजून कोणी दाखवले नाही. तीन आठवड्यांच्या गोळ्यांनंतर आवाज मंदावले, शंका मात्र तशीच आहे. घरात आईचे म्हणणे, हे ‘बाहेरचे’ आहे. एखाद्या रसायनातून शेजाऱ्याचा आवाज कसा तयार होतो, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. नागपूरच्या धंतोलीत बसून गेली सव्वीस वर्षे मी हा आजार पाहतो आहे आणि फिल्मचे पाकीट टेबलावर ठेवून ‘यात तर काहीच निघाले नाही’ म्हणणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, जुना मार, सूज यांपैकी काही नाही ना, एवढे पाहण्यासाठी आम्ही तो करायला सांगतो. घराचा नकाशा कितीही बारकाईने पाहिला तरी त्या घरात कोण कोणाशी काय बोलते हे त्यावरून कळत नाही, तसेच हे आहे. रचनेत फरक मुळीच नसतो असे मात्र नाही. १९७६ मध्ये इंग्लंडमधील ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवले की जुनाट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या आतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. पुढे असे इतरही बारीक फरक सापडले. परंतु हे फरक शेकडो लोकांच्या सरासरीत दिसतात. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते हे खरे असले, तरी पाच फूट पाच इंच एवढा आकडा सांगून ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे कोणी ठरवू शकत नाही. स्कॅनचेही तेच होते. त्यामुळे नॉर्मल एमआरआय ही समाधानाची बाब आहे, पण तो आजार नसल्याचा दाखला नाही.

आता डोपामिन. रक्तात जे डोपामिन सापडते ते शरीराच्या इतर भागांतले असते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर आहे तो ओलांडून ते आत जात नाही आणि आतले बाहेरच्या मोजणीत कळत नाही. म्हणून त्याची रक्ततपासणी नाही. पेट स्कॅनने (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या स्कॅनने) ते अप्रत्यक्षपणे मोजता येते, पण तेही संशोधनापुरते. शिवाय ‘डोपामिन वाढले आहे’ हे आम्हा डॉक्टरांचे घाईतले, अर्धे वाक्य आहे. ओपीडीत बाहेर तीस जण बसलेले असताना मीही ते वापरतो, म्हणून इथे ते पूर्ण करतो. सगळ्या मेंदूत डोपामिन वाढलेले नसते. मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाचा पेशींचा पुंजका आहे. तिथे येणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर ते गरजेपेक्षा जास्त तयार होते आणि अवेळी सुटते. कपाळामागच्या मेंदूत ते उलट कमी पडत असावे असे काही पुरावे सांगतात. एकाच माणसात एका ठिकाणी पूर आणि दुसऱ्या ठिकाणी कोरड असू शकते.

हे कळले कसे, याची हकिगत आपल्या देशाशी जोडलेली आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा परिणाम नोंदवला. तिच्यातून पुढे वेगळे काढलेले रेसर्पिन मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करते, हे नंतर समजले. (सर्पगंधा आज कोणी आपल्या मनाने घेऊ नये, रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो आणि तीव्र औदासीन्य येऊ शकते.) १९५२ मध्ये पॅरिसच्या जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकृतीत (भ्रम-भास होणाऱ्या आजारात) वापरले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले रुग्ण बोलू लागले. ते काम कसे करते हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे हे स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. त्यांना २००० चे नोबेल मिळाले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी निर्णायक धागा पकडला : कोणते औषध किती मिलिग्रॅममध्ये लागू पडते हे ते डी-टू नावाच्या डोपामिन रिसेप्टरला (पेशीवरच्या ज्या जागी डोपामिन चिकटून निरोप देते तिला) किती घट्ट चिकटते यावर अवलंबून असते. उलट बाजूनेही खात्री पटते. ॲम्फेटामिनसारखी डोपामिन वाढवणारी नशा चांगल्या माणसात संशय आणि आवाज निर्माण करू शकते, आणि पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाला डोपामिन वाढवणाऱ्या गोळ्या जास्त झाल्या तर त्याला घरात नसलेली माणसे दिसू लागतात.

पण तुमचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. रसायन सुटले, ठीक. त्यातून ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात’ हे वाक्य कसे निघते?

शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवरून जाताना तुमच्या डोळ्यांपुढून शेकडो चेहरे जातात; फेरीवाल्यांच्या आरोळ्या, हॉर्न, कोणाचे हसणे, कोणाचे खोकणे कानावर पडत असते. घरी आल्यावर यातले काहीच आठवत नाही, कारण मेंदूने ते बिनकामाचे म्हणून सोडून दिलेले असते. मात्र गर्दीत कोणी तुमच्या नावाने हाक मारली की मान आपोआप वळते. ‘हे महत्त्वाचे आहे, इकडे बघ, यातून काही शिक’ अशी खूण लावण्याच्या कामात डोपामिनचा मोठा वाटा आहे. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसले : अपेक्षा नसताना फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात, अपेक्षेप्रमाणे मिळाला की शांत राहतात आणि अपेक्षित रस चुकला की त्यांची गती मंदावते. म्हणजे जगाविषयीचा आपला अंदाज कुठे चुकला, याची दवंडी त्या पिटतात.

ही दवंडी विनाकारण पिटली जाऊ लागली तर काय होईल, याची मांडणी मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये केली आणि माझ्या मते रुग्णाचा अनुभव समजून घ्यायला तिच्याइतकी उपयोगी मांडणी दुसरी नाही. लाल स्कूटर दोनदा दिसली, शेजाऱ्याने खाकरून थुंकले, मोबाइलवर जाहिरात आली, एवढ्याशा गोष्टींवर ‘महत्त्वाचे’ हा शिक्का बसतो. सुरुवातीला रुग्णाला कशाचाच अर्थ लागत नाही, फक्त काहीतरी घडते आहे आणि ते माझ्याशी संबंधित आहे असे वाटत राहते. ही अवस्था आठवडे, कधी महिने चालते. या काळातच घरचे म्हणतात, ‘पोरगा गप्प गप्प राहतो, रात्री झोपत नाही.’ तुम्हीही आठवून पाहा, आठ महिन्यांच्या आधीचे काही महिने असे गेले असतील. मग एके दिवशी सगळ्याची संगती लागते : माझ्यावर पाळत आहे. त्या क्षणी अनेकांना चक्क हलके वाटते, कारण असह्य गोंधळाला एक उत्तर मिळालेले असते. भ्रम म्हणजे बिघडलेल्या खुणांतून चालत्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष. म्हणूनच हुशार मुलाचा भ्रम कधीकधी अधिक पक्का विणलेला असतो आणि म्हणूनच तुमचे युक्तिवाद त्याच्यावर चालत नाहीत. तुम्ही निष्कर्षाशी भांडता. त्याच्याजवळ पुरावा म्हणून रोज ताजी जाणीव असते.

भ्रमाचा मजकूर रसायनातून येत नाही, तो आयुष्यातून येतो. माझ्या उमेदवारीच्या काळात रुग्ण रेडिओतून आणि भिंतीतल्या तारांतून संदेश येतात म्हणत, आता मोबाइल आणि सीसीटीव्ही म्हणतात. आवाजांचेही तसेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ, घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी वीस रुग्णांना त्यांच्या आवाजांविषयी विचारले. अमेरिकेत आवाज बहुधा परके आणि हिंसक होते, तर चेन्नईत पुष्कळांना नातलगांचे, घरकामाच्या सूचना करणारे, रागावणारे आवाज ऐकू येत होते. आजार एकच, पण त्याने बोलायला माणसे त्या त्या घरातलीच निवडली.

आवाजांकडे येतो, कारण इथे मेंदूचे काम अधिक बारकाईने पाहता येते. आपण सगळेच मनात बोलतो. भाजी आणायची राहिली, तो असा का वागला, हे मनातले बोलणे तयार होताना भाषेचे मेंदूतील केंद्र सक्रिय असते. रुग्णाला आवाज येत असताना स्कॅन केले तेव्हा हेच बोलण्याचे केंद्र जागे असल्याचे १९९३ मध्ये लंडनच्या फिलिप मॅकग्वायर यांच्या गटाने दाखवले; १९९९ मध्ये थॉमस डिर्क्स आणि सहकाऱ्यांना त्याच वेळी प्रत्यक्ष ध्वनी ऐकणारा मेंदूचा भागही सक्रिय दिसला. तेव्हा तुमचा भाऊ ‘मला ऐकू येते’ म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. त्याचा मेंदू ऐकतो आहे. प्रश्न एवढाच की आपलेच मनातले बोलणे त्याला परक्याचे का वाटावे.

याचे एक उत्तर गुदगुल्यांत सापडते. स्वतःला स्वतः गुदगुल्या होत नाहीत, कारण हात हलवण्याचा हुकूम सोडतानाच मेंदू त्याची एक प्रत स्पर्श जाणणाऱ्या भागाकडे पाठवतो : हे आपलेच आहे, दुर्लक्ष कर. सेरा-जेन ब्लेकमोर आणि ख्रिस फ्रिथ यांच्या गटाने २००० मध्ये असे दाखवले की ज्यांना आवाज येतात किंवा आपल्या हालचाली दुसराच कोणी घडवतो असे वाटते, त्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवतो. बोलण्याच्या बाबतीतही, आपण बोलत असताना आपल्याच आवाजाला श्रवणकेंद्र कमी प्रतिसाद देते. स्किझोफ्रेनियात हे दबणे कमी होते, हे जुडिथ फोर्ड यांच्या मेंदूलहरींच्या अभ्यासातून दिसले आहे. ‘माझे’ ही चिठ्ठी हरवलेला विचार बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो. ओठ हलवून गुणगुणले किंवा मोठ्याने वाचले की काही रुग्णांचे आवाज तेवढ्यापुरते थांबतात, त्याचे कारणही बहुधा यातच आहे. माझे दोन-तीन रुग्ण केवळ या एका युक्तीवर बसचा प्रवास निभावून नेतात.

मग कूलर कशाला? नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर डेझर्ट कूलरशिवाय राहता येत नाही, आणि दर उन्हाळ्यात माझ्याकडे ‘कूलरमधून बोलतात’ अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण वाढतात. खरा ध्वनी चालू असतानाच त्याच्या जोडीने भास होण्याचा हा प्रकार मनोविकारशास्त्राला जुन्या काळापासून परिचित आहे. कूलरच्या घरघरीत मोबाइल वाजल्याचा किंवा कोणी हाक मारल्याचा भास तुम्हालाही झाला असेल. अस्पष्ट आवाज मिळाला की मेंदू अपेक्षेतून त्याचे शब्द पुरे करतो. २०१७ मध्ये येल विद्यापीठातील गटाने प्रयोग केला : आधी एका दृश्यासोबत बारीक ध्वनी ऐकवायचा, मग हळूहळू ध्वनी काढून घ्यायचा. दृश्य दिसताच नसलेला ध्वनी ‘ऐकला’ असे आवाज येणाऱ्या व्यक्तींनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आणि अधिक खात्रीने सांगितले. त्यांच्या ऐकण्यात अपेक्षेचे पारडे जड असते. तुमच्या भावाला शेजाऱ्यांकडून शिव्यांचीच अपेक्षा आहे, म्हणून घरघरीतून शिव्याच निघतात.

इथे एक गाठ आहे, ती लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. महालक्ष्म्यांचा मुखवटा मागून, पोकळ बाजूने, थोडे लांबून पाहिला तर आपल्याला तो खोलगट न दिसता पुढे आलेला चेहरा दिसतो, कारण चेहरा नेहमी उठावाचाच असतो ही आपली अपेक्षा डोळ्यांवर मात करते. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या दृष्टिभ्रमाला आपल्यापेक्षा कमी फसतात. त्यांना पोकळी पोकळीच दिसते. म्हणजे इथे अपेक्षेचे पारडे हलके, आणि आवाजांत जड. मेंदूच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर वेगळा बिघाड असावा असे एक स्पष्टीकरण दिले जाते, पण यावर संशोधकांचे एकमत नाही.

डोपामिनवर सगळे संपत नाही. फेनसायक्लिडीन आणि केटामिन ही औषधे ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर अडवतात, आणि निरोगी माणसांत काही काळ संशय, विचारांचा विस्कळीतपणा आणि भावशून्यताही निर्माण करतात. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी याच रिसेप्टरवर शरीराच्या प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यातून होणारा मेंदूदाह वर्णन केला, आणि त्याची सुरुवात कित्येकदा हुबेहूब मनोविकृतीसारखी होते. तुमच्या भावाला आकडी (फिट), ताप, तोंडाच्या विचित्र हालचाली, झपाट्याने वाढणारा गोंधळ यांपैकी काही असते तर मी तुम्हाला आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवले असते. तुमच्या वर्णनात तसे काहीच नाही.

हा आजार बहुधा विशीच्या आगेमागेच का येतो, तर किशोरवयात मेंदू आपल्या जोडण्यांची छाटणी करत असतो. ती काही जणांत प्रमाणाबाहेर होते असा तर्क १९८२ पासून आहे, आणि २०१६ मध्ये सी-फोर या प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाच्या अभ्यासाने त्याला बळ दिले. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तरीही एका जुळ्याला आजार असताना हुबेहूब जनुके असलेल्या दुसऱ्याला तो निम्म्या वेळाही होत नाही. गांजाने, त्यातही कडक आणि लहान वयात सुरू केलेल्या गांजाने, धोका वाढतो. भावाला हे एकदा, एकांतात, न रागावता विचारा.

आता गोळ्यांविषयी. डी-टू रिसेप्टर औषधाने काही तासांतच अडतात. साधारण पासष्ट टक्के अडले की गुण येण्याची शक्यता वाढते, ऐंशीच्या जवळ गेले की हात थरथरणे, ताठरपणा, एका जागी बसवत नाही अशी तगमग सुरू होते. डोस वाढवत नेणे हा उपाय नसतो, तो यामुळे. औषध नव्या खोट्या खुणा उमटणे थांबवते. आधी विणून झालेला अर्थ मात्र गोळीने उसवत नाही. तो नव्या पुराव्याअभावी हळूहळू सैल पडतो आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. आवाज मंदावले पण शंका तशीच, हे जे तुम्ही पाहता आहात ते तीन आठवड्यांच्या टप्प्यावर अगदी अपेक्षित आहे. माझ्या एका रुग्णाने हे माझ्यापेक्षा नेमके सांगितले होते : ‘डॉक्टरसाहेब, आवाज येऊनच राह्यले, पण आता त्यायच्यात दम नाही.’

औषध बंद केल्यावर आजार का उलटतो हेही यातूनच कळते. बिघाड डोपामिन तयार करणाऱ्या टोकाशी आहे आणि आपण अडवतो ते पलीकडचे रिसेप्टर. घंटा वाजवणारे हात तसेच आहेत, आपण घंटेला कापड गुंडाळले आहे. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्या रुग्णांच्या १९९९ च्या एका सुपरिचित अभ्यासात औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट होता. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे डी-टू न अडवता मस्कॅरिनिक या वेगळ्या रिसेप्टरमार्फत काम करणारे पहिले औषध आहे, म्हणून त्याकडे आमचे लक्ष आहे. तुमच्या भावाला मात्र सध्याच्या औषधाची पूर्ण मुदत, योग्य डोसमध्ये, मिळू द्या. दोन औषधे पुरेशा डोसात सहा-सहा आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन या औषधाचा विचार करायचा. अशा अनेक रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन वाढलेले आढळतच नाही, त्यामुळे ते अडवूनही फारसे हाती लागत नाही. १९८८ च्या प्रसिद्ध चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के क्लोझापिनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने चार टक्के. त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी न चुकता करावी लागते. बोलणे खुंटणे, आंघोळ टाळणे, कशातच मन न लागणे ही लक्षणे मात्र स्ट्रायटममधील डोपामिनच्या वाढीने फारशी उलगडत नाहीत आणि गोळ्यांनीही कमीच हलतात. ती आळस म्हणून मोजू नका.

आईंच्या ‘बाहेरच्या’विषयी मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. त्यांना देवदर्शनाला जायचे असेल तर जाऊ द्या, फक्त रात्रीची गोळी चुकू नये, जागरण होऊ नये आणि मुलाला उपाशी ठेवणे, बांधणे, धुरी देणे यांपैकी काही होऊ नये. त्यांचे एक निरीक्षण बरोबर आहे : त्या मुलाला ते बाहेरूनच आल्यासारखे वाटते.

त्याने कूलरकडे बोट दाखवून ‘तुला ऐकू आलं का?’ असे विचारले, तर ‘हो’ म्हणू नका आणि ‘तुला वेड लागलंय’ असेही म्हणू नका. ‘मला ऐकू आलं नाही, पण तुला येतं हे मला माहीत आहे, आणि त्याचा त्रास होतो हेही दिसतं,’ एवढे म्हणा, आणि जमले तर त्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली, आपल्याजवळ बसवा. पुढच्या भेटीला जाताना तो किती तास झोपला आणि आवाज दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतात याची रोजची दोन ओळींची नोंद सोबत न्या. एमआरआयचे पाकीट घरी राहिले तरी चालेल.